कातड्यांच्या खोलीतली हवा

ताप संध्याकाळी सातला येई. तो इतका वक्तशीर होता की वहिनी त्याच्यासाठी अंथरूण आधीच घालून ठेवी. कामावरची पाळी संपवून परतल्यावर ती अंग धुई, स्वयंपाक उरकी आणि भिंतीला टेकून बसे. सात वाजले की पाठीच्या कण्यातून थंडी वर चढू लागे, मागोमाग खोकला येई, छातीवर कोणी ओली गोणी टाकल्यासारखे ओझे येई आणि शेवटी स्वप्न येई.

स्वप्नात कत्तलखान्याच्या अंगणात जनावरे रांगेने उभी असत. त्यांच्या अंगावर कातडी नसत, पण त्याची त्यांना लाज नसे आणि वेदनाही नसे. प्रत्येकाच्या तोंडात पत्र्याचा एक बिल्ला असे. रांग खिडकीपाशी येई, वहिनी बिल्ल्यावरचा आकडा पाही, आत जाऊन त्या आकड्याचे कातडे शोधी आणि दारात आणून झटकी. हिरवट पांढरी पूड उडे आणि उन्हात कितीतरी वेळ खाली बसत नसे. जनावर ते कातडे अंगावर चढवी, पोटाशी नीट जुळवून घेई आणि फाटकातून बाहेर निघून जाई. कोणी ढकलाढकली करीत नसे. शेवटी शेवटी कातडी संपत आणि रांग मात्र उरे. पुढचा नुसता उभा राहून तिच्याकडे पाही. हा आता काय मागणार, हे वहिनीला ठाऊक असे.

सुटीच्या दिवशी ताप येत नसे. ही गोष्ट तिच्या ध्यानात यायला आठ महिने लागले. कत्तलखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या ध्यानात ती अजून यायची होती. ते प्रत्येक खोकल्याला ‘हवामान’ म्हणत, आणि तसे पाहिले तर ते बरोबरच होते. हे हवामान कोणत्या छपराखालचे, एवढे विचारण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली नव्हती.

छप्पर कातड्यांच्या खोलीचे होते. खोली कत्तलखान्याच्या मागच्या अंगाला, शीतगृहाला लागून होती. मधली भिंत एकच असल्यामुळे ती बाराही महिने घामेजलेली असे, आणि वरच्या कोपऱ्यातून काळी छटा दरवर्षी वीतभर खाली उतरे. माश्या येऊ नयेत म्हणून एकुलती एक खिडकी रंगाचे थर देऊन कायमची बंद केली होती. सोललेली कातडी हातगाडीवरून येत आणि मिठात घोळून एकावर एक रचली जात. पंधरा दिवसांनी त्यांना नेणारी मोठी गाडी येईपर्यंत वहिनीचे काम एकच: थर उलटायचे, जुने मीठ झटकायचे, नवे भरायचे. झटकले की धूर उठे. इथले सारे लोक त्याला ‘मीठ’ म्हणत. मिठात काही जगत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. तळाच्या कातड्यांवर मऊ हिरवी लव उगवलेली ते रोज पाहत, तळहाताने पुसून टाकत, आणि समजूत तशीच ठेवत. मोठमोठ्या विद्यापीठांतही याहून वेगळे काही घडत नाही.

वहिनीच्या आधी त्या खोलीत तिचा नवरा होता. अकरा वर्षे. शेवटच्या वर्षी त्याला गमबूट चढवतानाही धाप लागे. तो दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा कत्तलखान्याचे साहेब स्वतः घरी आले, पाच मिनिटे बसले, आणि त्याची जागा त्याच्या बायकोला देत असल्याचे त्यांनी सांगितले. लोकांनी या दयेची बरेच दिवस वाखाणणी केली. खोलीसुद्धा वारशाने मिळू शकते, हे तेव्हा कोणाला विचित्र वाटले नाही.

घरात आता दोघीच होत्या, वहिनी आणि तिची मोठी नणंद. नणंद एकतीस वर्षे कत्तलखान्यात होती आणि धुण्याच्या गटाची मुख्य होती. रक्त, चरबी, शेण, आतड्यांतला मळ यांच्याशी तिने आयुष्यभर वैर धरले होते आणि बहुतेक लढाया जिंकल्या होत्या. जनावरांची धडे उभी चिरणारा करवत्या तिला ‘आरसा’ म्हणे. तिने पुसलेल्या फरशीत दाढी करता येते, असे त्याचे म्हणणे होते.

“मग कर की,” नणंद म्हणे. “तुझं थोबाड बघून फरशीला तरी कळू दे आपण कशी आहोत ते.”

वहिनी एका सुटीच्या दिवशी नणंदेला न सांगता सरकारी इस्पितळात गेली. छातीच्या विभागातल्या वयस्क डॉक्टरबाईंनी फोटो काचेवर लावला आणि बराच वेळ नुसता पाहिला.

“कबुतरं पाळता?”

“नाही.”

“धान्याच्या कोठारात काम? कुजलेलं गवत वगैरे?”

“कातड्यांच्या खोलीत आहे. मिठाचं काम.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. “मिठातही वाढते, बाई, बुरशी. तिची पूड रोज आत जाते, आणि संध्याकाळी तुमचं शरीर तिच्याशी भांडायला उठतं. तोच तुमचा ताप. फुप्फुस हळूहळू घट्ट होत चाललंय. आत्ता त्या खोलीतून बाहेर पडलात तर बरंचसं सावरेल. आणखी एक वर्ष काढलंत, तर नंतर बाहेर येऊनही फायदा नाही.”

“बाहेर कशी पडू? जागा बदलून मागितली तर म्हणतील, जमत नसेल तर घरी बस.”

“त्या हवेत बुरशी आहे असा तपासणीचा कागद आला की त्यांना जागा बदलून द्यावीच लागते. मी आरोग्य खात्याला लिहिते. कागद येऊ द्या, पुढचं माझ्यावर सोडा.”

परतताना वहिनीला पायऱ्या मऊ वाटल्या. आपल्या आजाराला नाव आहे, आणि ते ‘मीठ’ नाही, एवढ्यानेच तिला हलके वाटत होते. नणंदेला तिने काही सांगितले नाही. भावाची जागा सोडायला निघालीस, असे ती म्हणाली असती. आणि म्हणाली नसती तरी तिच्या चेहऱ्यावर ते दिसले असते.

खात्याची नोटीस तीन दिवस आधी आली. तपासणीची पूर्वसूचना द्यावी, असा नियम आहे. चोराच्या घरी जाण्याआधी त्याला वेळ कळवण्याइतकी सभ्यता ज्याने या नियमात आणली, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, हे त्याचे नशीब. साहेबांनी नोटीस फळ्यावर लावली आणि गप्प राहिले. त्यांना बोलावे लागतच नसे. पांढरा डगला येणार म्हटले की धुण्याच्या गटातल्या बायका आपण होऊन बाह्या वर करीत. ‘पाहुणे येणार,’ एवढेच त्या एकमेकींना सांगत. पाहुण्यांपुढे लाज जाऊ नये, ही त्यांची रीत कोणी लादलेली नव्हती. ती त्यांची स्वतःची होती, आणि म्हणूनच कोणत्याही हुकमापेक्षा ती साहेबांच्या अधिक कामाची होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी वहिनी नेहमीसारखी दोनला सुटली. सातला ताप आला. आठच्या सुमारास नणंद घरी आली तेव्हा तिच्या अंगाला क्लोरीनचा आणि ताज्या चुन्याचा वास येत होता. हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

“झोपलीस का गं वहिनी? ऐक तरी. तुझी खोली अशी केलीये, तुला ओळखू यायची नाही.”

“कोणती खोली?”

“कातड्यांची. दुसरी कोणती? उद्या पाहुणे येतायत ना. पाच जणी होतो. सगळे थर बाहेर काढले, भिंती घासल्या, कढत पाणी मारलं, वर चुना. करवत्या म्हणतो, आता इथं लग्न लावायला हरकत नाही. मी म्हटलं, तुझं लागायचं असतं तर एव्हाना लागलं असतं.”

वहिनी छताकडे पाहत होती. छत वर वर चालले होते. अंगणातली जनावरे एकाएकी रांग मोडून मागे वळली होती आणि त्यांच्या तोंडांतून बिल्ले एकेक करून निःशब्द खाली पडत होते.

“वन्सं,” ती म्हणाली, “थोडं राहिलं असेल ना कुठंतरी?”

“माझ्या हातून?” नणंद हसली. “वेडी का काय तू?”

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. तरुण होत्या, मितभाषी होत्या, आणि हातात पेटी होती. पेटीत काचेच्या चपट्या बशा, प्रत्येकीत खिरीसारखा घट्ट थर. त्यांनी खोलीत चार ठिकाणी बशा मांडल्या, झाकणे काढली आणि अर्धा तास दाराबाहेर थांबल्या. हवेत जे असेल ते बशीत बसते आणि आठवडाभर उबेत ठेवले की उगवते, इतकी ती साधी रीत होती. खोली पांढरी आणि कोरी होती. चुन्यावर दाराच्या उजेडाची तिरीप पडली होती आणि तिच्यात एकही कण तरंगत नव्हता. तपासनीस बाईंनी भिंतीला बोट लावले, ते पांढरे झाले, त्यांनी ते पाहिले आणि वहीत काही लिहिले नाही. कारण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

आठवड्याने कागद आला. बुरशी आढळली नाही. साहेबांनी तो काचेच्या चौकटीत घालून फळ्याशेजारी टांगला. चौकट येईपर्यंत खोलीत कातड्यांचे नवे थर लागले होते, आणि चुन्याखालून काळी छटा फिकट निळ्या शाईसारखी वर येऊ लागली होती. आता वर्षभर दुसरी तपासणी होणार नव्हती.

ही बातमी नणंदेने घरी आणली, आणि ती भेट असल्यासारखी आणली.

“साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हा कागद या बाईंच्या हातांचा आहे. माझ्या हातांचा, कळलं का?”

वहिनी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. “वन्सं, ती तपासणी मी मागवली होती.”

“तू?”

मग वहिनीने सगळे सांगितले. डॉक्टरबाई, फोटो, बुरशी, वर्षाची मुदत. तिचा आवाज चढला नाही. त्यासाठी लागणारा श्वास तिच्यापाशी नव्हताच. नणंद उभीच होती.

“आधी का नाही बोललीस?”

“बोलले असते तर धुतलं नसतं तुम्ही?”

 इथे खोटे बोलणे नणंदेला सोपे होते. पण घाण आणि खोटेपणा यांत ती फारसा फरक करीत नसे.

“धुतलं असतं,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी म्हणून आणखी चांगलं धुतलं असतं. बुरशी जाईल, तू बरी होशील, असंच वाटलं असतं मला.”

“दोन दिवसांत परत येते ती.”

“हो, दिसली आज.” नणंद खाली बसली. तिने आपले लाल हात मांडीवर उलटे करून ठेवले, जणू ते कोणीतरी तिच्याकडे ठेवायला दिले होते. “तो होता तेव्हा... दोनदा आले होते गं लोक खोली बघायला. एकदा खात्याचे, एकदा कोणी मोठा डॉक्टर. दोन्ही वेळेला मीच...”

  वहिनीने नणंदेच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला आणि भाजी निवडू लागली. काही वेळाने नणंदही तिच्या समोरची पाने ओढून घेऊन निवडू लागली. त्या संध्याकाळी दोघी सातची वाट पाहत बसल्या. ताप आला तेव्हा नणंद अंथरुणाच्या कडेला होती. आजवर ती या वेळी भांडी घासत असे.

दुसऱ्या दिवशी नणंदेने अर्धी पाळी रजा घेतली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. आरोग्य खात्याच्या कचेरीत तपासनीस बाईंच्या टेबलाशी उभी राहून तिने घडी घातलेला कागद पुढे केला. अक्षर मोठे होते, ओळी वर चढत गेल्या होत्या.

‘मी धुण्याच्या गटाची मुख्य आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी कातड्यांची खोली मी चार बायकांना घेऊन कढत पाण्याने धुतली व चुना लावला. अशी धुलाई फक्त तपासणीच्या आधी होते. एरवी ही खोली घाण असते. भिंतीवर व कातड्यांवर बुरशी असते. हे मला आधीपासून दिसत होते.’

तपासनीस बाईंनी तो दोनदा वाचला. “शेवटचं वाक्य काढलंत तरी चालेल.”

“नको. असू दे.”

“हा कागद फाइलला लागणार. तुमच्या साहेबांना प्रत जाईल. गट जाईल तुमच्या हातून.”

“जाऊ दे. तुम्ही या परत. पण बाई, या वेळी सांगून येऊ नका.”

“न सांगता यायचं तर लेखी तक्रार लागते.”

“मग हे काय आहे?” नणंद म्हणाली. “प्रेमपत्र?”

तपासनीस बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि त्यांनी तक्रारीचा शिक्का शोधायला खण उघडला.

त्या आल्या त्या दिवशी सकाळी दहाची वेळ होती. पेटी त्यांनी कापडी पिशवीत आणली होती. खोलीत तेरा दिवसांचे थर होते. चार बशा मांडल्या गेल्या, झाकणे निघाली, आणि तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिले. वहिनीला बाहेर थांबायला सांगितले होते. ती उंबऱ्याबाहेर, नाकाला रुमाल लावून उभी राहिली. नणंद शेजारी होती.

त्या अर्ध्या तासात काहीही घडले नाही, आणि दोघींनाही तो जन्मभर पुरेल इतका लांब वाटला. दारातून आलेल्या उजेडात पूड तरंगत होती. ती पडत नव्हती. जागच्या जागी हळूहळू वळत होती, झोपेत कूस बदलावी तशी. कधी एखादा कण उजेडात येऊन चमके आणि पलीकडे विझे. शीतगृहाची यंत्रे भिंतीआड घुमत होती. कातड्यांचे ढीग उजेडाच्या मागे एवढे स्थिर होते की ते श्वास घेत आहेत असे वाटावे. वहिनीला जागेपणी ते अंगण दिसले. रांग लांबच लांब गेली होती, आणि त्या रांगेत कुठेतरी गमबूट घातलेला एक माणूसही उभा होता. तो धापा टाकत नव्हता.

नणंदेला मात्र दाराजवळच्या फरशीवर एक डाग दिसत होता. कसला, ते तिला ठाऊक होते. कशाने निघेल तेही. तिचा उजवा हात आपण होऊन कमरेला खोचलेल्या फडक्याकडे गेला. वहिनीने न बघताच तिचे मनगट धरले.

“सोड गं,” नणंद पुटपुटली. “नुसता एक हात फिरवते.”

“वन्सं.”

“बशीला धक्का नाही लावत.”

“वन्सं, राहू द्या.”

नणंदेने डोळे मिटून घेतले. घाणीपुढे हात बांधून उभे राहणे ही किती मेहनतीची गोष्ट आहे, हे तिला त्या दिवशी कळले. ज्यांना ती जन्मभर सहज जमते, ते कचेरीत बसतात.

आठवड्याने दोघी खात्यात गेल्या. तपासनीस बाईंनी कडेने चिकटपट्टी लावलेल्या बशा टेबलावर ठेवल्या. बशांत बागा उगवल्या होत्या. मखमली हिरवे गोल, त्यांना पांढरी किनार. काळ्या मिरपुडीचे ठिपके. एक पिवळसर, राखी कापसाचा पुंजका झाकणाला जाऊन टेकला होता. मोजायला जागा राहिली नव्हती. इतकी सुंदर गोष्ट आपण रोज झटकत होतो, याचे वहिनीला नवल वाटले.

नणंद वाकून एकेक बशी पाहत होती. मग तिने विचारले, “माझ्या भावाला यातली कोणती?”

 तपासनीस बाईंनी कागदावर सही केली.

डॉक्टरबाईंनी आपला शब्द पाळला. महिना उलटण्याआधी वहिनीला फाटकाजवळच्या वजनकाट्यावर जागा मिळाली. तिथे छप्पर होते आणि भिंती नव्हत्या. साहेबांनी आदेशावर सही करताना कायद्याबद्दल आपल्याला किती आदर आहे हे बोलून दाखवले. खोलीबद्दल आदेशात काही नव्हते. कागदाने माणूस हलवायला सांगितले होते. भिंत हलवायला सांगितले नव्हते, आणि सांगितल्यापेक्षा अधिक करण्याची तिथे पद्धत नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी नणंदेला बोलावले.

“बाई, गटावर आता कोणीतरी तरुण हवं. तुम्ही फार केलंत. पण मी तुम्हाला काढणार नाही हं. कातड्यांची खोली मोकळी झालीये. आधी भाऊ, मग वहिनी. तुमच्या घरातलीच जागा आहे ती. उद्यापासून तुम्ही बघा.”

नणंदेने मान हलवली आणि खोलीची किल्ली घेतली.

सकाळी सातला कातड्यांची पहिली हातगाडी आली तेव्हा दार सताड उघडे होते आणि नणंद उंबऱ्याबाहेर, उपड्या बादलीवर बसली होती. गाडीवाल्याने हाक मारली. ती उठली नाही. दुसरी गाडी आली, ती पहिलीमागे उभी राहिली. मग धुण्याच्या गटातल्या बायका आल्या, बादल्या घेऊन. कोणी त्यांना बोलावले नव्हते. त्यांनी नणंदेकडे पाहिले, बादल्या उपड्या केल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. करवत्याही हातातली करवत बंद करून दारापर्यंत आला, आणि विनोद न सुचल्यामुळे तिथेच उभा राहिला.

साहेब आले तोवर सहा गाड्या झाल्या होत्या, आणि ओल्या कातड्यांवर ऊन आले होते.

“हे काय चाललंय? बाई, आत जा. माल खराब होतोय.”

“जाते की,” नणंद उठून म्हणाली. “पण साहेब, तपासणीत बशी अर्धा तास आत ठेवतात. आधी तुम्ही अर्धा तास बसा. मी घड्याळ बघते. नंतर मी जन्मभर बसते.”

कोणी हसले नाही. फाटकापाशी वजनकाट्याजवळ वहिनी उभी होती. तिथून तिला आवाज ऐकू येत नव्हता, फक्त रांग दिसत होती.

साहेबांनी खोलीत पाहिले. दारातल्या उजेडात पूड हळूहळू वळत होती. त्यांचा हात खिशात गेला आणि रुमाल घेऊन नाकाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आले की सगळ्या बायका त्या हाताकडे पाहत आहेत. हात तसाच वळला, आणि साहेब आपल्या मनगटावरच्या घड्याळाची काच पुसू लागले.